कान्नाराचा कांदा की मारिनोची द्राक्षं?

इटलीत गावोगावी एखाद्या पिकाच्या किंवा पदार्थाच्या नावानं उत्सव भरतो, त्याला साग्रा म्हणतात. हातात एकच संध्याकाळ असेल तर निवड करावीच लागते. मी दोनच नावं समोर ठेवतो: उंब्रिया प्रांतातल्या कान्नाराचा कांदा-उत्सव आणि रोमजवळच्या मारिनोचा द्राक्ष-उत्सव. पहिला सप्टेंबरच्या पूर्वार्धात बरेच दिवस चालतो, दुसऱ्याचा मुख्य दिवस ऑक्टोबरचा पहिला रविवार. त्यामुळे अर्धा निर्णय तुमचं विमानाचं तिकीटच करून टाकतं.

मारिनो बघण्याचा उत्सव आहे. 1571 च्या लेपांतोच्या आरमारी लढाईत मार्कांतोनिओ कोलोन्ना पोपच्या गलबतांचा सेनापती होता आणि मारिनो ही कोलोन्ना घराण्याची जहागीर. त्याच्या विजयी परतीची मिरवणूक दुपारी जुन्या पेहरावांत निघते. मग चौकातल्या कारंज्यातून पाण्याऐवजी पांढरी वाइन वाहू लागते आणि ग्लास पुढे करून लोटालोटी सुरू होते. ही प्रथा 1925 पासूनची. 2008 साली नळजोडणीत घोळ झाला आणि वाइन कारंज्याऐवजी काही घरांच्या नळांना आली. गावकऱ्यांनी त्याबद्दल फार तक्रार केली असेल असं वाटत नाही. खाणं मात्र उभ्या-उभ्या: पावात भरलेली पोर्केत्ता, म्हणजे मसाला भरून भाजलेलं अख्खं डुक्कर, आणि द्राक्षरसात मळलेले कड्याच्या आकाराचे गोड पाव. शाकाहारी माणसाच्या वाट्याला हे गोड पाव आणि द्राक्षंच येतात.

कान्नाराला बसून जेवायचं. जुन्या घरांची अंगणं आणि गल्ल्या बाकांनी भरून जातात. स्वयंपाक, वाढप, गल्ला, सगळं गावकरीच सांभाळतात. ताटं घेऊन धावणारी पोरं बहुतेक शाळा-कॉलेजातली. अशा उत्सवांत सहसा छापील कागदावर हव्या त्या पदार्थापुढे पेनानं आकडा टाकायचा, गल्ल्यावर पैसे भरायचे आणि पावती घेऊन नंबराची वाट बघायची. रोख जवळ ठेवा. अनोळखी माणसाशेजारी जागा मिळाली तर बिचकू नका, तिथे तशीच पद्धत आहे.

इथे लाल, सोनेरी आणि चपटा असे तीन जातींचे कांदे होतात आणि यादीत त्यांचं राज्य असतं: कांद्याचं सूप, कांद्याचा पिझ्झा, भरलेले कांदे, आणि शेवटी गोडातही कांदा. लासलगावच्या माणसालाही हे जरा जास्तच वाटेल. पण लाल कांदा मंद आचेवर शिजून जॅमसारखा झाला की त्याचा उग्रपणा पार जातो, आणि शेजारी चीज असेल तर बोलायची सोय राहत नाही.

शाकाहारी मंडळींनी एक सांभाळायचं. ‘सेंत्सा कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, एवढं म्हणून भागत नाही. सूप मांसाच्या रश्शात शिजलेलं असू शकतं, पिठात डुकराची चरबी असू शकते, ताज्या पास्त्यात बहुधा अंडं असतं आणि पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ. ‘ब्रोदो’ (रस्सा) आणि ‘स्त्रुत्तो’ (चरबी) हे दोन शब्द पाठ करून जा. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी हा बेत आखूच नये.

जाण्यायेण्यात मारिनो सरळ जिंकतं. रोमच्या टेर्मिनी स्टेशनवरून आल्बानोच्या लोकलनं पोचता येतं, परतीच्या गाड्यांची वेळ तेवढी आधी बघून ठेवा. कान्नाराला जेवण रंगतं ते रात्री, म्हणून स्वतःची गाडी हवीच. असीसी किंवा स्पेल्लोला मुक्काम केला तर अंतर थोडं आहे. चालवणाऱ्यानं पिणं टाळावं, तिथे मर्यादा रक्तात लिटरमागे 0.5 ग्रॅमची आहे.

मित्रांची टोळी रोममध्ये असेल आणि गर्दीचं वावडं नसेल तर मारिनो. आई-बाबा सोबत असतील, कुणी मांस खात नसेल, किंवा गावातले लोक संध्याकाळ कशी घालवतात हे निवांत बघायचं असेल तर कान्नारा, आणि माझं मतही तिकडेच. तिथे शनिवार-रविवार टाळून आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, सातच्या सुमाराला. उशीर केलात तर बाक मिळायला ताटकळावं लागेल. मारिनोत दिवस निवडायची मुभा नाही, कारंजं रविवारीच वाहतं.