‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’: काही महिने ऐकल्यानंतर

डे ला सोल या अमेरिकन हिप-हॉप गटाचा हा पहिला अल्बम १९८९चा, पण स्ट्रीमिंगवर यायला मार्च २०२३ उजाडला. जुन्या करारांत डिजिटल विक्री धरलेलीच नव्हती. सॅम्पलच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या रेकॉर्डमधून उचललेल्या तुकड्यांच्या, परवानग्या नव्याने काढाव्या लागल्या, काही तुकडे बदलले गेले.

ऐकायला ‘आय नो’पासून सुरुवात करा. कोरसची ओळ स्टीली डॅनच्या ‘पेग’मधली, शिट्टी ओटिस रेडिंगच्या ‘डॉक ऑफ द बे’मधली. त्या काळच्या सॅम्पलरमध्ये, म्हणजे असे तुकडे वाजवणाऱ्या यंत्रात, तुकड्याचा वेग बदलला की स्वरही सरकायचा. लय जमवली तर पट्टी बिघडायची. इथे मात्र शिट्टी कुठेच बोचत नाही, आणि निर्माता प्रिन्स पॉलचा कान किती तयार होता ते इथेच कळतं. ‘द मॅजिक नंबर’मध्ये तर मुलांच्या टीव्ही मालिकेतलं तीनच्या पाढ्याचं गाणं लेड झेपलिनच्या ‘द क्रंज’च्या ड्रमवर बसवलंय. अल्बमचं नाव जॉनी कॅशच्या पुराच्या गाण्यातून आलं, तो आवाजही इथेच सापडतो.

घोळ झाला जेमतेम मिनिटभराच्या तुकड्यावरून. ‘ट्रान्समिटिंग लाइव्ह फ्रॉम मार्स’मध्ये टर्टल्स या बँडचं ‘यू शोड मी’ संथ करून त्यावर फ्रेंच शिकवणीची रेकॉर्ड लावली होती. परवानगी घेतलेली नव्हती. टर्टल्सच्या सदस्यांनी दावा लावला, तो न्यायालयाबाहेर मिटला. पुढे १९९१मध्ये विनापरवानगी सॅम्पलच्याच खटल्यात रॅपर बिझ मार्कीविरुद्ध निकाल लागला आणि इतकी सॅम्पल एका अल्बममध्ये वापरणं परवडेनासंच झालं.

विक्रीचं म्हणाल तर बिलबोर्ड २०० या अमेरिकन अल्बमच्या यादीत तेव्हा २४वा क्रमांक, ब्रिटनमध्ये १३वा. फंकाडेलिक बँडच्या लूपवरचं (पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्यावरचं) ‘मी मायसेल्फ अँड आय’ आर अँड बी यादीत पहिलं आलं. अमेरिकेत प्लॅटिनम (दहा लाख प्रतींचं प्रमाणपत्र) मात्र २०००मध्ये. २०२३मध्ये अल्बम बिलबोर्डवर मूळ क्रमांकाच्याही वर चढला, आणि ते त्याचं हक्काचंच होतं.

शफल आणि क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळण्याची सोय) बंद ठेवा, नाहीतर गाण्यांच्या मधले गेम शोचे विनोदी तुकडे अर्धवट कापले जातात. फोनच्या स्पीकरवर ‘से नो गो’ ऐकू नका. हॉल अँड ओट्सकडून घेतलेला बेस हाच त्याचा कणा आहे आणि नेमका तोच गायब होतो. ‘डे ला ऑर्जी’ खुशाल वगळा, वारंवार ऐकण्यासारखं त्यात काही नाही. विनाइल घ्यायचं तर दोन एलपींची आवृत्ती बघा. सुमारे ६७ मिनिटं एकाच तबकडीत कोंबली की खाचा अरुंद होतात, आवाज दबतो आणि बेस पातळ पडतो.