जपानमध्ये पैसे उडवायचेच असतील तर व्हिस्कीवर की साकेवर?

जपानला निघालेले मित्र हल्ली हमखास विचारतात, यामाझाकी व्हिस्की कुठे स्वस्त मिळेल रे. कुठेच नाही मिळत. मग पुढचा प्रश्न, प्यायचं काय, आणि त्याचं उत्तर फोनवर देता देता अर्धा तास जातो म्हणून एकदाच लिहून टाकतो. दोन्हीवर मी तिथे मनसोक्त खर्च केलाय, दोघींनी मिळून बजेटची वाट लावली, त्यामुळे कुणावर अन्याय होईल असं वाटत नाही. माझा कल कुठे आहे ते वाचता वाचता कळेलच.

साके तांदळाची असते, 15-16 टक्क्यांची असते वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. आणि हेही धरतो की तुम्ही टोकियो-क्योतो-ओसाका असं नेहमीचं फिरणार, संध्याकाळी दोन तास निवांत बसणार, आणि सोबत कुणीतरी न पिणारं आहे. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे महागात पडतो.

आधी व्हिस्की, कारण बहुतेक जण तिच्यासाठीच उतावीळ असतात. चव उत्तम आहे, त्यात वाद नाही. सन्टोरी कंपनीने यामाझाकीची डिस्टिलरी 1923 मध्ये काढायला घेतली, आणि तिथे काम केलेल्या ताकेत्सुरूने 1934 मध्ये होक्काइडोत योइची येथे स्वतःचा कारखाना टाकला, तीच आजची निक्का कंपनी. म्हणजे शंभर वर्षांचा हात आहे. बारमध्ये बर्फ ज्या निगुतीने तासतात, हायबॉलचा, म्हणजे व्हिस्की-सोड्याचा, ग्लास ज्या शिस्तीने भरतात, ते बघत बसावंसं वाटतं. मला योइची जास्त आवडली, जरा धुरकट, समुद्राकाठची वाटते. यामाझाकी 12, म्हणजे 12 वर्षं मुरलेली, गोडसर, गुळगुळीत, कुणालाही आवडेल अशी.

पण भाव. आज विकली जाणारी 12 किंवा 18 वर्षांची व्हिस्की तेवढी वर्षं आधी पिंपात भरलेली असावी लागते, आणि तेव्हा जपानमध्ये व्हिस्कीला आजच्याइतकं गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून कमी भरली. मग अख्खं जग मागे लागलं. 2018 मध्ये सन्टोरीच्याच हाकुशू 12 आणि हिबिकी 17 ची विक्री थांबवावी लागली, हाकुशू 12 पुन्हा दिसायला 2021 उजाडलं. 2024 च्या एप्रिलमध्ये सन्टोरीने भाव वाढवले, यामाझाकी 12 ची छापील किंमत 10,000 येनवरून 15,000 झाली, टॅक्स वेगळा. येनाचे रुपये करताना अर्ध्याहून थोडे जास्त धरा म्हणजे अंदाज येईल. आणि छापील किमतीला ती दिसली तर तुमचं नशीब थोर, मला तरी कुठल्या दुकानात तशी दिसली नाही. जिथे दिसली तिथे काचेच्या कपाटात, कुलपात, आणि भाव वेगळाच. काही दुकानांत माणशी एकच बाटली. जपानमध्ये मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत पण दारूचा मजला असतो, तिथे रोज संध्याकाळी चक्कर मारणारे भारतीय मी बघितलेत, टूरचे दोन दोन तास त्यात घालवतात बिचारे.

सहज मिळणाऱ्या बाटल्यांबद्दल पण एक लक्षात ठेवा. 2021 पासून तिथल्या उत्पादकांच्या संघटनेने स्वतःहून नियम केलाय की जपानी व्हिस्की म्हणायचं तर गाळप जपानमध्ये, किमान तीन वर्षं पिंपात जपानमध्येच, बाटलीबंद पण तिथेच. कायदा नाही, संघटनेचा नियम. त्यामुळे कित्येक बाटल्यांवर चित्र फुजीचं आणि आतला माल बाहेरून आणून मिसळलेला, असं होऊ शकतं. वाईटच असते असं नाही हं, निक्काची फ्रॉम द बॅरल या व्याख्येत बसत नाही असं निक्का स्वतःच सांगते आणि तरी ती मला फार आवडते. पण तुम्ही 'अस्सल जपानी' म्हणून जादा पैसे मोजणार असाल तर लेबल वाचा.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. महाग वस्तू महाग असते, त्याला काय करणार. माझं मन उडालं ते बसायच्या पैशांवरून.

ओसाकात एका छोट्या बारमध्ये गेलो, आठ खुर्च्या, मंद दिवे, भिंतभर बाटल्या. मी यामाझाकी 12 चे दोन घेतले, बायको पीत नाही तिने ऑरेंज ज्यूस घेतला. आता तिथे सिंगल म्हणजे 30 मिली, आपल्याकडच्या 60 च्या पेगची सवय असलेल्या माणसाला ते बर्फाच्या गोळ्याखाली शोधावंच लागतं. बारटेंडरने जिगरने, म्हणजे मापाच्या छोट्या पेल्याने, मापून ओतलं, मापाच्या कडेला थांबला, एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही. तास-दीड तास बसलो. बिल म्हणजे पत्त्याएवढा कागद, त्यावर पेनने लिहिलेला एकच आकडा, साडेआठ हजार येनच्या वर. हिशोब विचारला तर त्याने अगदी अदबीने फोड करून दाखवली : व्हिस्की 2,400 प्रमाणे दोन, ज्यूस 800, मग माणशी 1,100 चार्ज असे दोघांचे 2,200, आणि वर दहा टक्के सर्व्हिस. म्हणजे ज्यूसपेक्षा ज्यूस प्यायला बसण्याचे पैसे जास्त. फसवलं असं म्हणणार नाही, मेन्यूच्या शेवटच्या पानावर जपानीत लिहिलेलं होतं, आणि पुष्कळ चांगल्या बारमध्ये हीच पद्धत आहे, कुठे पाचशे कुठे दोन हजार. पण साडेआठ हजारातली व्हिस्की 4,800 ची, ज्यूस सोडला तर बाकी सगळं खुर्चीचं. मला हे जे लागलं ते लागलंच. एकट्याने जाणाऱ्याला कदाचित एवढं खुपणार नाही, आणि त्या शांततेचे पैसे द्यायला काही लोक खुशीने तयार असतात, त्यांचंही बरोबर आहे.

आता साके. तिच्याबद्दल तक्रारी नाहीत असं नाही. पहिली तक्रार म्हणजे काय पितोय ते कळत नाही, लेबलवर सगळं ब्रशने लिहिलेलं, फोन धरून भाषांतर केलं तरी 'डोंगरातला वारा' असलं काहीतरी येतं. दुसरी, बाटली उघडली की फ्रीजमध्ये ठेवून लवकर संपवावी लागते. आणि जी सगळ्यात ताजी, पाश्चराइज न केलेली नामा असते ती तर कायम थंडच हवी, सुटकेसमध्ये घालून मुंबईच्या उकाड्यात आणायची वस्तूच नाही ती. तिसरी, इझाकायात, म्हणजे तिथल्या साध्या खाण्यापिण्याच्या बारमध्ये, गेलात तर तिथेही न मागितलेला चकणा येतो, ओतोशी, माणशी तीनचारशे येन लागतात. फरक एवढाच की तिथे निदान वाटीत काहीतरी असतं, आणि बायकोने तो चकणा आवडीने खाल्ला (एकदा वाटीत मासा निघाला तेव्हा सोडून).

साकेतही पैसे उधळायची सोय आहेच. ती म्हणजे तांदूळ किती घासला त्याचा आकडा. गिन्जो म्हणजे दाणा घासून 60 टक्के किंवा कमी उरलेला, दायगिन्जो म्हणजे 50 टक्के किंवा कमी, आणि दास्साई 23 नावाच्या साकेमध्ये 23 टक्केच उरतो, बाकी सगळं पीठ होऊन जातं. आकडा जेवढा खाली, किंमत तेवढी वर. पहिल्या दोन दिवसांत मी पण खालच्या आकड्यांच्या मागे होतो, फुलांचा, मेलनचा वास येतो, छान असते, पण दुसऱ्या ग्लासला मला ती अत्तरासारखी वाटायला लागली. जेवणाबरोबर साधी जुनमाई (वरून अल्कोहोल न घातलेली, नुसत्या तांदळाची), जरा कोमट केलेली, मला जास्त पटली, आणि ती निम्म्या किमतीत येते. हे माझ्या जिभेचं झालं, तुमची वेगळी असेल. मेन्यूवर किंवा बाटलीच्या मागे निहोनशुदो म्हणून अधिक-उणे आकडा असतो तो बघा, अधिक म्हणजे कोरडी, उणे म्हणजे गोड. +5 च्या आसपास धरून मागवत गेलो, फार क्वचित पस्तावलो.

खरी तुलना मात्र क्योतोत होते, कारण तिथून एकीकडे यामाझाकी आणि दुसरीकडे साकेच्या कारखान्यांचं फुशिमी, दोन्ही ट्रेनने अगदी जवळ. यामाझाकीची डिस्टिलरी बघायची तर आधी ऑनलाइन अर्ज, टूरसाठी लॉटरी, नंबर लागला तर त्या तारखेला तिथे हजर. जपानच्या सहलीच्या तारखा आधीच ठरलेल्या माणसाला हे जमणं कठीण, माझा नंबर लागला नाही. फुशिमीला तुम्ही तसेही जाणारच, ते हजार लाल कमानींचं इनारी देऊळ त्याच बाजूला आहे, तिथून काही स्टेशनं पुढे गेलं की साकेचा मोहल्ला. 1637 पासूनचा गेक्केइकान कारखाना, त्यांचं म्युझियम, किझाकुरा हा दुसरा कारखाना, गल्लीत काळ्या लाकडी भिंती. दारावर देवदाराच्या डहाळ्यांचा मोठा गोळा टांगलेला असतो, नवी साके तयार झाली की हिरवा गोळा लावतात, महिने जातात तसा तो तपकिरी होतो. गोकोनोमिया देवळात झऱ्याचं पाणी आहे, आसपासचे लोक कॅन घेऊन भरायला येतात, आणि फुशिमीची साके मऊ लागते ती इथल्या पाण्यामुळे असं सांगतात. कोबेजवळच्या नादाचं पाणी जड, तिथली साके जास्त कडक. एकाच दिवशी दोन्हीकडची प्यायलो तर मला खरंच फरक जाणवला, डोळे बांधून ओळखली असती का ते विचारू नका.

फुशिमीत एक जागा आहे जिथे तिथल्या 18 कारखान्यांची साके छोट्या छोट्या पेल्यांत एका फळीवर मांडून देतात. मी दुपारी तिथे बसलो आणि बायको समोर बसून नूडल्स खात होती, तिच्या बसण्याचे कोणी वेगळे मागितले नाहीत. तिथेच माझा निकाल लागला म्हणा ना.

आणि ते ओतणं. साध्या साकेच्या दुकानात चौकोनी लाकडी मापात काचेचा ग्लास ठेवतात आणि मोठ्या 1.8 लिटरच्या बाटलीतून ओततात, ग्लास भरला तरी ओततच राहतात, कडेवरून सांडून खालचं लाकडी माप पण भरत येतं तेव्हा थांबतात. आधी वाकून ग्लासच्या कडेचा घोट घ्यायचा, मग ग्लास उचलायचा, शेवटी मापातली प्यायची, तिला लाकडाचा वास लागलेला असतो. सातआठशे येनमध्ये हे. जिगरच्या कडेला थांबलेला तो हात आठवला मला.

वेळ असेल तर निइगाता प्रांतातल्या एचिगो-युझावा स्टेशनला जाऊन या, टोकियोहून शिनकान्सेनने सव्वा तासाच्या आसपास. स्टेशनातच पोन्शुकान आहे, दारात झिंगून पडलेल्या साहेबांचे पुतळे, आत भिंतीला मशीनं, निइगातातल्या जवळपास शंभर प्रकारच्या साके. मी गेलो तेव्हा 500 येनला पाच टोकन आणि एक छोटा पेला देत होते. बाजूला नाना तऱ्हेची मिठं ठेवलेली, चिमूट चाटायची आणि प्यायचं, काकडी आणि मिसो पण मिळतात. पाच टोकन संपली की अजून पाच घ्यावीशी वाटतात, तिथे माणूस वाहवतो खरा, पण वाहवून वाहवून किती, दोन हजार येन.

शोचू, म्हणजे तिथली गाळलेली कडक दारू, तिचं दोन ओळींत. क्युशूला, कागोशिमाकडे जाणार असाल तर व्हिस्की आणि साके दोन्ही विसरा आणि रताळ्याची शोचू गरम पाण्यातून प्या, आधी पाणी मग शोचू. टोकियो-क्योतोच्या टूरमध्ये तिच्यासाठी वाकडी वाट करू नका. वास उग्र असतो, पहिल्याच घोटाला आवडेल याची खात्री देत नाही.

बाकी व्हिस्कीप्रेमींना एवढंच म्हणेन की हायबॉल प्या. कुठल्याही इझाकायात चारपाचशे येनला काकूबिन या सन्टोरीच्या साध्या व्हिस्कीचा हायबॉल मिळतो, थंडगार, तळणाबरोबर फार छान लागतो. यामाझाकी, हिबिकी आपल्याकडेही चांगल्या दुकानांत आणि ड्यूटी फ्रीला दिसतात, महाग का होईना पण मिळतात, शिवाय सन्टोरीच्याच शिंजी फुकुयो या ब्लेंडरने आपल्यासाठी बनवलेली ओकस्मिथ व्हिस्की महाराष्ट्रात 2019 पासून आहे, तिची तुलना करत नाही, पण तो हात तुमच्या गल्लीतल्या वाईन शॉपपर्यंत पोचलाय. फुशिमीतल्या एखाद्या छोट्या कारखान्याची नामा पुण्यात मला तरी कुठे सापडलेली नाही.

परत येताना कस्टम्सचे दोन लिटर लक्षात ठेवा. 700 च्या तीन बाटल्या घेतल्या की 2.1 होतात, 720 च्या तीन घेतल्या की 2.16, आणि वरच्या शंभर मिलीसाठी रेड चॅनलला उभं राहायची हौस नको. मी 720 च्या दोन पाश्चराइज केलेल्या साके आणि 300 ची एक छोटी आणली. मित्राने 700 ची एक हिबिकी, 720 ची एक साके आणि 300 ची एक अशी आणली, तेही बसतं. घरी सासरे किंवा साहेब यांना द्यायचं असेल तर त्याचंच बरोबर आहे, हिबिकीची ती पैलूंची बाटली शोकेसमध्ये शोभते आणि कुणी विचारत नाही की ही फ्रीजमध्ये का ठेवायची.