बँडचा स्वतःचा इन-इअर मॉनिटर रॅक : आठ महिने, एकतीस गिग

आम्ही चौघं जुने मित्र. बँड आमचा, गाणी आमची, गाडीत सामान चढवणारेही आम्हीच. मी गाते आणि गिटार वाजवते. आठ महिन्यांपूर्वी दौरा सुरू करताना आम्ही इन-इअर मॉनिटरचा (वाजवताना स्वतःला आणि एकमेकांना ऐकायचे इअरफोन) रॅक, म्हणजे त्यासाठीची सगळी यंत्रं बसवलेली पेटी, जुळवला. तुमच्या नव्या बँडमध्ये साठवलेले पैसे पेडलवर घालायचे की मोठ्या अँपवर, अशी चर्चा चालू असेल तर जरा थांबा, आधी या रॅकचा विचार करा.

आधी वेजवर, म्हणजे स्टेजवर आपल्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरवर ऐकत वाजवायचो. ड्रमचा आवाज दणदणीत, म्हणून गिटारचा अँप वाढायचा, मग बासचा. मला मीच ऐकू यायचे नाही, म्हणून मी ओरडायचे. वेज वाढवायला सांगितला की माइक शिट्टी मारायचा. सलग तिसऱ्या गिगला माझा घसा बसलेला असायचा. पुढच्या गावापर्यंत गाडीत कुणी कुणाशी बोलायचं नाही, कारण प्रत्येकाला वाटायचं की दुसऱ्यानं मुद्दाम आवाज चढवला. मुद्दाम कुणीच करत नव्हतं. आम्ही एकमेकांना नीट ऐकतच नव्हतो.

रॅकमध्ये १६ माइक-इनपुट आणि ६ ऑक्स आउटपुटचा (वेगवेगळे मिक्स बाहेर पाठवायच्या वाटा) डिजिटल मिक्सर, १६ चॅनलचा स्प्लिटर (एक सिग्नल दोन ठिकाणी पाठवणारा), हेडफोन अँप आणि राउटर आहे. माइक आणि डीआय (गिटार-बास थेट मिक्सरला जोडायची डबी) आधी स्प्लिटरला जातात. तिथून एक वाट आमच्या मिक्सरकडे आणि दुसरी हॉलच्या साउंडवाल्याकडे. त्यानं त्याच्याकडे गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते) बदलला तरी आमच्या कानात फरक पडत नाही. फक्त ४८ व्होल्टची फँटम पॉवर (काही माइकना केबलमधूनच लागणारी वीज) कोणाकडून येणार, हे केबल लावतानाच ठरवून घ्या.

आता प्रत्येक जण आपला मिक्स, म्हणजे आपल्या कानात कुणाचा आवाज किती हवा ते, फोनवरून लावतो आणि तो सेव्ह राहतो. हॉल बदलला तरी कानातलं बरंचसं तेच असतं. पहिल्या तालमीत आमचा बासवाला वाजवता वाजवता थांबला आणि म्हणाला, "दुसऱ्या अंतऱ्यात तू हे गातेस?" तीन वर्षं तो ते गाणं वाजवत होता. त्या रात्री त्यानं त्या ओळीखालची आपली बासलाइन बदलली. आज ते आमचं सगळ्यात चांगलं गाणं आहे.

त्रासही सांगते. मिक्सरचं स्वतःचं वाय-फाय २.४ गिगाहर्ट्‌झवर होतं. रिकाम्या हॉलमध्ये ठीक चालायचं, पण लोक खिशात फोन घेऊन आले की तुटायचं. एकदा अख्खं गाणं कानठळ्या बसवणाऱ्या गिटारसोबत काढलं. नंतर ५ गिगाहर्ट्‌झचा वेगळा राउटर उंचावर ठेवायला लागलो आणि केबलनं जोडलेला एक लॅपटॉपही हाताशी ठेवला. पाचव्या महिन्यात प्रवासाच्या धक्क्यांनी हेडफोन अँपचे स्क्रू ढिले झाले आणि एका बाजूचा आवाज करकरायला लागला. आता जॅकला कायम एक छोटी एक्स्टेंशन केबल लावून ठेवतो, म्हणजे ओढ तिच्यावर येते. वायरलेस पॅक (कमरेला लावायचे बिनतारी रिसीव्हर) घेतले नाहीत. दर ठिकाणी मोकळी फ्रिक्वेन्सी शोधण्यापेक्षा लांब केबल बरी.

सगळ्यात अवघड गेलं ते लोकांपासून तुटणं. टाळ्या काचेपलीकडून आल्यासारख्या वाटायच्या. मी एका कानातला इअरफोन काढून गायला लागले. ही चूक करू नका. उघड्या कानावर स्टेजचा मारा होतो आणि झाकलेल्या कानात आपण आवाज वाढवत जातो. त्याऐवजी स्टेजच्या दोन टोकांना प्रेक्षकांकडे तोंड करून दोन माइक लावले आणि ते फक्त आमच्या मिक्समध्ये घेतले. पहिल्या गाण्याला लोक सोबत गायले ते कानात आलं, तेव्हा डोळे भरून आले.

इन-इअर घातले म्हणजे कान आपोआप वाचतात असं नाही. नेहमीचा हिशोब असा : ८५ डेसिबलला आठ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला पाव तासच उरतो. लिमिटर (आवाज ठरावीक पातळीपुढे जाऊ न देणारी सोय) लावाच. टिप (इअरफोनचं कानात जाणारं टोक) कानात घट्ट बसत नसेल तर खालचे सूर गायब होतात आणि हात आवाज वाढवायला जातो, म्हणून टिप निवडताना घाई नको.

अलीकडे ड्रमरजवळ स्विचचा टॉकबॅक माइक लावलाय. त्याचं बोलणं फक्त आमच्या कानात येतं. गेल्या गिगला शेवटच्या गाण्याआधी माझा आवाज चिरकला. काउंट (गाणं सुरू करायची मोजणी) द्यायच्या ऐवजी तो हळूच म्हणाला, "आधी पाणी पी. मी थांबतो."