नेटबुक दुरुस्तीला टाकण्याआधी हे वाचा (ठाण्यातला अनुभव)

बाबांचं नेटबुक, म्हणजे छोटा लॅपटॉप, 2009 सालचं. अ‍ॅटम प्रोसेसर, एक जीबी रॅम, 160 जीबी हार्ड डिस्क, विंडोज एक्सपी. एक्सपीचा सपोर्ट 2014 मध्येच संपला, पण सोसायटीची जुनी इतिवृत्तं त्यावरच्या श्रीलिपी या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेली, त्यामुळे बाबा काही ते सोडत नाहीत. बॅटरी केव्हाच मेलीय, चार्जर लावला तरच चालतं.

मध्यंतरी ते सुरूच होईना. कंपनीचा लोगो यायचा, विंडोजचं चित्र यायचं, निळा स्क्रीन डोळ्यासमोरून सटकन जायचा आणि मशीन रिस्टार्ट. मी ऑफिसात होते, बाबा एकटेच ते घेऊन ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानात गेले. त्याने बटण दाबलं, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "काका, मदरबोर्ड गेला. चिप लेव्हल काम आहे, साडेचार हजार होतील."

ही थाप होती. मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, खरंच गेला असेल तर स्क्रीनवर सहसा काही उमटतच नाही. इथे लोगो दिसत होता, म्हणजे बोर्ड, प्रोसेसर, रॅम बहुधा शाबूत. विंडोजचं चित्र येत होतं, म्हणजे डिस्कही वाचली जात होती.

पण बाबांनी विश्वासाने ते तिथेच दिलं. नेटबुक परत आलं ते नव्याने टाकलेल्या कोऱ्या विंडोजसकट. दुकानात व्यवस्थित चाललं, घरी आणून चार्जर लावला तर पुन्हा तोच निळा स्क्रीन! ऐरोलीचा माझा मामेभाऊ याच लाइनीतला. त्याने एफ8 दाबून ऑटोमॅटिक रिस्टार्ट बंद केलं, तेव्हा कुठे निळ्या स्क्रीनवरचा एरर कोड वाचता आला. शेवटी 7बी, म्हणजे विंडोजला स्वतःची डिस्कच सापडत नाही. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये गेला, तर तारीख 1 जानेवारी 2009.

तारीख आणि ही सेटिंग जपणारा आतला नाण्याएवढा सेल संपला होता, बाकी काही नाही. बॅटरी मेलेली, त्यात चार्जर काढला की बायोसची सेटिंग पुसली जायची आणि डिस्कशी बोलायचा मोड जुन्या आयडीईवरून नव्या एएचसीआयवर जायचा. एक्सपीकडे त्याचा ड्रायव्हर मुळात नसतो, म्हणून ते तिथेच अडायचं. मोड परत आयडीई केला, विंडोज उघडलं. दुकानदाराने हेच केलेलं असणार, आणि त्याचे साडेचार हजार! सीआर2032 सेल शंभराच्या आत मिळतो. बोर्डाला त्याने हातही लावला नव्हता.

विंडोज उघडल्यावर खरी गोम कळली. डिस्क दाखवत होती 74 जीबी. दुकानात विचारलं तर म्हणे, "ताई, फॉरमॅट केल्यावर जागा कमीच दिसते." दिसते ना, पण कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते आणि विंडोज 1024 च्या, म्हणून 160 ची 149 दिसते. 74 दिसते ती 80 जीबीची. डिस्क बदलली होती, आणि बाबांची इतिवृत्तं मूळ डिस्कमध्येच राहिली होती.

मामेभावाने पूर्वी धूळ काढायला नेटबुक उघडलं होतं, तेव्हाचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये सापडला. त्यात डिस्कच्या लेबलवरचा सिरियल नंबर स्वच्छ वाचता येत होता. तो दुकानदारासमोर धरल्यावर त्याच्या ड्रॉवरमधून डिस्क निघाली. "पोराकडून चुकून दुसरी लागली." पोरगा म्हणे सुट्टीवर.

डिस्क मिळाली, डेटा जसाच्या तसा आहे. पैसे परत मागितले की "काम झालंय ना" एवढंच. बिल मागितलं तर कोऱ्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय, उत्तराची वाट बघतेय.

तुमचं मशीन देणार असाल तर डिस्कच्या लेबलचा फोटो आधी काढा आणि तो नंबर पावतीवर लिहून घ्या. झाकण उघडता येत नसेल तर दुकानदाराला तुमच्यासमोर उघडायला लावा. डेटा महत्त्वाचा असेल तर डिस्क काढून घरीच ठेवा. बोर्ड गेलाय की नाही हे बघायला डिस्क लागत नाही. आणि "पार्ट बदलला" म्हणाला, तर जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.