तळघरातील खेळाची खोली आणि पाणी : अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या तळघरातील मोठी खोली आम्ही खेळासाठी राखून ठेवली आहे. मधोमध टेबल टेनिसचे टेबल, एका भिंतीलगत कॅरमबोर्ड, समोरच्या भिंतीवर पडदा आणि त्याखाली गेमिंग कन्सोल, कोपऱ्यातल्या कपाटात बैठ्या खेळांची खोकी अशी तिची मांडणी आहे. गेल्या वर्षी रात्रभर झालेल्या एका पावसात या खोलीत घोट्याएवढे पाणी साचले. मेन स्विच वरच्या मजल्यावर होता म्हणून आधी वीज बंद करून मगच पाण्यात उतरता आले. जिन्याखालीच मेन स्विच असता तर पाण्यात पाऊल टाकण्याचा धोका मी पत्करला नसता.

त्या रात्री सर्वांत जास्त नुकसान टेबलाचे झाले. ते दुमडून उभे ठेवलेले होते आणि त्याची खालची कड सकाळपर्यंत पाण्यात राहिली. पार्टिकल बोर्डाने पाणी प्यायले, कड फुगली आणि वाळल्यावरही ती पूर्ववत झाली नाही. टेबल टेनिसच्या नियमांनुसार ३० सेंटिमीटर उंचीवरून सोडलेला चेंडू टेबलावर सगळीकडे साधारण २३ सेंटिमीटर उसळायला हवा. आमच्या टेबलाच्या मध्यावर तो तितका उसळत होता, पण फुगलेल्या कोपऱ्यात जेमतेम बारा सेंटिमीटर वर येऊन बाजूला घरंगळत होता. मुलांनी पट्टी धरून हे मोजले तेव्हा, नुसते पाणी उपसून भागणार नाही, खोलीचा पक्का बंदोबस्त करावा लागेल, हे आम्ही ठरवले. त्यानंतर बसवलेल्या व्यवस्थेला आता अकरा महिने झाले आहेत. या काळात मी एका वहीत नोंदी ठेवल्या आणि हा अनुभव त्या नोंदींवरूनच लिहीत आहे.

पाणी कोठून येते हे शोधण्यात आम्ही पहिले दोन आठवडे घालवले आणि ते सार्थकी लागले असे मला वाटते. भिंतीवर साधारण ६० सेंटिमीटर चौरस प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवला. कागदाच्या आतल्या बाजूने, म्हणजे भिंतीकडून, थेंब जमले तर ओल जमिनीतून येत असते. खोलीच्या बाजूने जमले तर ती हवेतील बाष्पाची असते. आमच्याकडे दोन्ही बाजूंनी थेंब होते, म्हणजे दोन वेगळे उपाय करणे भाग होते. साचणारे पाणी मात्र मुख्यतः भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या सांध्यातून येत होते. त्या सांध्यावर पांढऱ्या क्षारांची भुकटी धरलेली होती, आणि ती ब्रशने झाडून काढली तरी पुढच्या पावसानंतर पुन्हा त्याच रेषेवर येत असे.

येथे एक चूक नोंदवतो. आम्ही सर्वांत आधी आतून जलरोधक रंग लावला. तिसऱ्या महिन्यात त्याला पोपडे आले. एक फुगवटा नखाने फोडला तर आतून थंड पाण्याचा ओघळ आणि क्षारांचा पांढरा चुरा बाहेर आला. यात रंगाचा दोष मी मानत नाही. भिंतीबाहेरची माती पाण्याने भरली की एक मीटर खोलीवर दर चौरस मीटरला सुमारे एक हजार किलो इतका भार भिंतीवर आतल्या दिशेने पडतो. बाहेरून लावलेला थर त्या भाराने भिंतीवर दाबला जातो, तर आतून लावलेला थर भिंतीपासून सुटतो. नुसती दमटपणाची तक्रार असेल तर रंगाचा उपयोग होईल, परंतु सांध्यातून पाणी येत असेल तर तेवढ्या श्रमात दुसरे काम करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ते दुसरे काम म्हणजे पाण्याला खोलीत पसरण्याआधीच वाट देणे. भिंतीलगतचा कोबा फोडून चर काढला, त्यात छिद्रे असलेला पाइप खडीमध्ये बसवला आणि सगळे पाणी एका कोपऱ्यातील खड्ड्यात आणले. खड्ड्याचा व्यास ४५ सेंटिमीटर आहे. याचा हिशेब सोपा आहे: पातळी एक सेंटिमीटर चढली की खड्ड्यात सुमारे १.६ लिटर पाणी आले. पंप क्षणभर बंद ठेवून घड्याळ लावले की आवक किती आहे ते कळते, आणि पुढचे सारे निर्णय आम्ही या एका मोजमापावर घेतले. चर केल्यानंतरच्या पहिल्या जोरदार पावसात पातळी मिनिटाला सहा सेंटिमीटर चढत होती, म्हणजे मिनिटाला साडेनऊ लिटरच्या आसपास पाणी येत होते.

पंप सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणारा आहे आणि त्याच्यावर मिनिटाला १३० लिटर असे लिहिले आहे. हा आकडा पाणी मुळीच वर चढवायचे नसताना मिळणारा असतो. उंची वाढेल तसा तो घटतो, आणि प्रत्येक पंपाच्या माहितीपत्रकात तसा तक्ता दिलेला असतो. आमच्याकडे पाणी तीन मीटर वर चढते. कोरड्या दिवशी बादल्यांनी खड्डा भरून वेळ मोजली तेव्हा २० सेंटिमीटर पातळी उतरायला २७ सेकंद लागले, म्हणजे प्रत्यक्षात मिनिटाला सुमारे ७० लिटर. आवकेच्या मानाने हे भरपूर आहे आणि पंपाच्या ताकदीबद्दल अकरा महिन्यांत मला काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या फ्लोटबद्दल, म्हणजे पाण्याबरोबर वर येऊन पंप सुरू करणाऱ्या तरंगत्या स्विचबद्दल.

पाचव्या महिन्यातील एका पहाटे खड्ड्यातील पाण्याचा इशारा देणारी घंटा वाजू लागली. सोबतच्या पत्रकात तिचा सेन्सर फरशीवर ठेवावा असे सांगितले होते, परंतु फरशीवर पाणी आल्यावर मिळणारा इशारा मला उशिराचा वाटला, म्हणून मी तो खड्ड्याच्या आतच, काठापासून दहा सेंटिमीटर खाली अडकवला होता. खाली गेलो तेव्हा पाणी काठाला अवघे चार सेंटिमीटर राहिले होते आणि पंप गप्प होता. वीज होती. पंपाचा प्लग काढून खड्ड्यात टॉर्चचा उजेड टाकला, तेव्हा वायरीला लोंबकळणारा फ्लोट खड्ड्याच्या भिंतीवरील खाचेत, पंपाच्याच वायरीच्या वेढ्याखाली अडकलेला दिसला. काठीने वेढा सोडवताच फ्लोट उसळून वर आला. प्लग लावला आणि पंप लगेच सुरू झाला. त्या वेळी घरात कोणी नसते तर पाणी पुन्हा टेबलापर्यंत पोहोचले असते. वायरीला लोंबकळणाऱ्या फ्लोटला हलायला ऐसपैस जागा लागते. खड्डा अरुंद असेल तर उभ्या दांडीवर वरखाली सरकणारा फ्लोट घ्यावा. मी तो बदलून घेतला, वायर पाइपला क्लिपांनी बांधली आणि पहिल्या पंपापेक्षा १५ सेंटिमीटर उंचावर स्वतंत्र फ्लोट असलेला दुसरा पंप बसवला. तो आजवर फक्त चाचणीतच चालला आहे, आणि तसाच राहावा अशी माझी इच्छा आहे.

पाइपावरील नॉन-रिटर्न व्हॉल्व्हबद्दलही सांगायला हवे. तो नसेल तर पंप थांबताच उभ्या पाइपातील पाणी परत खड्ड्यात येते. आमच्या ४० मिलिमीटरच्या तीन मीटर उंच पाइपात ते पावणेचार लिटरच्या घरात जाते, आणि तेच पाणी पंप पुनःपुन्हा उपसत राहतो. मात्र व्हॉल्व्ह बसवल्यावर पहिल्याच महिन्यात पंप घुमत राहायचा आणि पाणी काही चढायचे नाही, असे दोनदा झाले. पंपात हवा कोंडली होती. पंप आणि व्हॉल्व्ह यांच्या मधल्या पाइपाला तीन-चार मिलिमीटरचे छिद्र पाडले आणि तो प्रश्न कायमचा मिटला. पंप चालताना त्या छिद्रातून बारीक पिचकारी उडते, म्हणून ते खड्ड्याच्या आत आणि तोंड खाली करून पाडावे. व्हॉल्व्ह बंद होतानाचा धप्प असा आवाज मात्र अजूनही वरच्या खोलीपर्यंत येतो आणि तो मला खटकतो.

मुसळधार पाऊस आणि वीज जाणे या गोष्टी जोडीनेच येतात, म्हणून इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची ट्युब्युलर बॅटरी घेतली. येथे दोन बाबी पाहाव्यात. मोटर सुरू होताना चालू असतानाच्या कितीतरी पट विद्युतप्रवाह ओढते, त्यामुळे पंपाच्या वॅटवर बेतलेला इन्व्हर्टर पुरत नाही. दुसरी बाब म्हणजे पंप सलग चालत नसतो. मिनिटाला साडेनऊ लिटर आवक असताना तो दर साडेतीन मिनिटांनी अर्धा मिनिट चालतो. आमचा ४०० वॅटचा पंप सलग चालला तर ही बॅटरी, तिला निम्म्याहून अधिक उतरू न देण्याचे पथ्य पाळून, दोन तासही देणार नाही; परंतु थांबत थांबत चालल्यामुळे सातव्या महिन्यात पाच तास वीज गेली तेव्हा ती निभावून गेली. बॅटरीतील पाण्याची पातळी दर दोन महिन्यांनी पाहावी लागते. विजेच्या जोडणीत सुरुवातीला पंप आणि हवेतील ओल काढणारे यंत्र एकाच आरसीसीबीवर (विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर) होते आणि त्या यंत्रातील दोषाने एकदा ट्रिप झाल्यावर पंपाचाही पुरवठा बंद पडला. आता पंपाला स्वतंत्र सर्किट आणि स्वतःचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे. पाण्यात बुडालेल्या यंत्राला हे संरक्षण नसणे मला मान्य नाही.

हे सर्व झाल्यावर, सहाव्या महिन्यात, आम्ही घराबाहेरचे काम हाती घेतले, आणि ते सर्वांत आधी करायला हवे होते. आमच्या छपराचे क्षेत्रफळ सुमारे १०० चौरस मीटर आहे. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी होते. ५० मिलिमीटर पडला की पाच हजार लिटर. हे सगळे पाणी पन्हळीतून दोन पाइपांनी खाली येऊन थेट तळघराच्या भिंतीच्या पायथ्याशी सुटत होते, म्हणजे आमच्याच छपराचे पाणी आम्ही आमच्याच खोलीत घेत होतो. दोन्ही पाइप भिंतीपासून तीन मीटर लांब नेले, आणि तेवढ्या अंतरात जमीन १५ सेंटिमीटर उतरेल अशा बेताने चिकणमाती ठोकून उतार बाहेरच्या दिशेने केला. पंपाच्या पाण्याचे तोंडही तितकेच लांब नेले, कारण ते भिंतीजवळ सोडले तर तेच पाणी जमिनीत मुरून परत येते. त्यानंतरच्या तशाच जोराच्या पावसांत पातळी मिनिटाला सहाऐवजी दोन सेंटिमीटर चढू लागली. पंप आता दहा-दहा मिनिटांनी सुरू होतो. वहीतील ते पान मी घरात सर्वांना दाखवले. इतक्या साध्या कामाने इतका फरक पडेल असे आम्हाला वाटले नव्हते.

खोलीतील नहाणी ट्रॅपमधून (फरशीवरील पाणी वाहून जाण्याच्या जाळीच्या तोंडातून) ड्रेनेजचे पाणी उलटे येऊ नये म्हणून तळघराच्या फाट्यावर झडपही बसवली आहे. तिच्यात केस आणि कचरा अडकला तर ती पूर्ण मिटत नाही, म्हणून दर महिन्याला झाकण उघडून ती धुतो. यापलीकडे तिच्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

हवेतील ओलीचा प्रश्न मला वाटला होता त्यापेक्षा चिवट निघाला. आर्द्रतामापक सुरुवातीला ७८ टक्के दाखवत होता, खोलीला कुबट वास होता आणि कॅरमच्या सोंगट्या पावडर टाकूनही अडखळत होत्या. पावसाळी हवेत खिडक्या उघडून खोली वाळेल हा समज चुकीचा आहे. बाहेरची उबदार, दमट हवा थंड भिंतीला लागली की तिच्यातील बाष्पाचे थेंबच होतात. डिह्युमिडिफायर, म्हणजे आधी सांगितलेले ओल काढणारे यंत्र, लावून खिडक्या बंद ठेवल्यावर आकडा ५२ वर आला आणि आता ५० ते ५५ च्या दरम्यान राहतो. त्याची टाकी रोज ओतण्याचा कंटाळा येतो, म्हणून त्याची नळी सरळ पंपाच्या खड्ड्यात सोडली आहे. भिजलेल्या वस्तूवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते. त्यामुळे गालिचा कायमचा काढून टाकला आणि खालून खुंट्या असलेल्या, एकमेकींत अडकणाऱ्या पीव्हीसी टाइल बसवल्या. त्यांच्याखाली हवा खेळते आणि गरज पडल्यास चार टाइल उचलून फरशी पुसता येते. प्लग पॉइंट कमरेच्या उंचीवर घेतले, कन्सोल भिंतीवरच्या फळीवर गेला आणि पुठ्ठ्याची खोकी झाकणाच्या प्लास्टिक डब्यांत ठेवली. टेबलाच्या फुगलेल्या अर्ध्या भागाची फळी बदलून घेतली. आता ते दुमडल्यावर खालची कड जमिनीपासून २० सेंटिमीटर वर राहील अशा चाकांच्या घडवंचीवर उभे असते.

एक काम राहिले आहे. तळघराच्या एका खिडकीची चौकट जवळजवळ जमिनीच्या पातळीवर आहे आणि वाऱ्याबरोबर पाऊस आला की तिच्या खालच्या कोपऱ्यातून पाणी झिरपते. तेथे १५ सेंटिमीटर उंचीचा बांध घालून वर उतरते झाकण बसवायचे ठरले आहे. पुढच्या पावसाआधी ते करून, दोन्ही पंपांची बादलीची चाचणी मेन स्विच बंद ठेवून इन्व्हर्टरवर घेऊन आणि घंटेचे सेल बदलून वहीत नवे पान सुरू करणार आहे.