लेटेकएमके: संदर्भ जुळवतं, पानं नाही

पीडीएफमध्ये आकृती, विभाग यांच्या संदर्भांच्या क्रमांकाजागी '??' दिसतात म्हणून लेटेक (मजकुराची पानं मांडून देणारी प्रणाली) हाताने पुन्हापुन्हा चालवत असाल, तर ते काम लेटेकएमके हे साधन चोख करतं. लेटेकच्या टेक लाइव्ह या संचासोबत ते येतंच. विंडोजवर मिकटेक हा दुसरा संच असेल तर पर्ल ही प्रोग्रामिंग भाषा वेगळी टाकावी लागते. संदर्भांची नोंद ठेवणारी ऑक्स फाइल स्थिर होईपर्यंत ते फेऱ्या मारतं, मध्ये ग्रंथसूची बनवणारं बिबटेक किंवा बायबर लागलं तर तेही चालवतं.

गाडी अडते व्हेरिओरेफपाशी, म्हणजे आकृती कोणत्या पानावर आहे ते संदर्भात शब्दांत सांगणाऱ्या पॅकेजपाशी. समजा आकृती पान २५ वर आहे. पान २४ च्या तळाशी तिच्या संदर्भात 'पुढच्या पानावर' छापलं जातं, परिच्छेद एका ओळीने वाढतो आणि तो संदर्भ २५ वर ढकलला जातो. आता आकृती त्याच पानावर, म्हणून ते शब्द गळतात, ओळ कमी होते, संदर्भ परत २४ वर! लेटेकएमके मूळ सेटिंगनुसार ५ फेऱ्यांनंतर हात टेकतं. मर्यादा वाढवणं व्यर्थ. त्या एका जागी व्हेरिओरेफच्या व्हीरेफ या आज्ञेऐवजी नुसता क्रमांक देणारा साधा रेफ घाला, नाहीतर वाक्य थोडं बदला. सक्तीचा पेजब्रेक अगदी शेवटी, मजकूर गोठल्यावरच.

आणि आकृतीचं लेबल (संदर्भासाठी दिलेलं नाव) तिच्या कॅप्शनच्या आधी लिहिलंत तर आकृतीऐवजी विभागाचा क्रमांक येतो. तिथे हे साधन चकार शब्द काढत नाही.

फुकट आहे, जरूर वापरा.