जुना एक्सबॉक्स ३६० घ्यावा की पीएस३? आधी लेबल वाचा

सेकंडहँड गेम कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन, घेताना बहुतेक जण आधी कंपनी ठरवतात: मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० की सोनीचा पीएस३ (प्लेस्टेशन ३). माझा आग्रह आहे की आधी मशीन उलटं करून लेबल वाचा, कारण दोन्हींच्या सुरुवातीच्या मॉडेलांचं दुखणं सारखंच आहे. ग्राफिक्स चिप तापते, बंद केल्यावर गार होते आणि या रोजच्या ताणात तिचे बारीक सांधे तडकतात.

एक्सबॉक्स ३६० मध्ये हे कळतं ते पॉवर बटणाभोवतीच्या तीन लाल दिव्यांवरून. चारही दिवे लाल झाले तर घाबरू नका, टीव्हीची केबल नीट बसलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. तीन दिव्यांचा बोभाटा इतका झाला की जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. जाड मॉडेलच्या मागे, वायर लावतो तिथे अँपिअरचा आकडा असतो. १६.५ दिसला तर मशीन खाली ठेवा. १४.२ बरा. १२.१ म्हणजे २००८ च्या अखेरीस आलेली 'जॅस्पर' नावाची आवृत्ती, जाड मॉडेलांत तीच घ्यावी. २०१० चं स्लिम त्याहून निर्धास्त. मात्र अमेरिकेतून कुणी आणलेल्या ३६० चा विटेसारखा पॉवर अडॅप्टर ११०-१२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टवर तो थेट लावू नका.

पीएस३ मध्ये हाच बिघाड असला की हिरवा दिवा लागतो, क्षणभर पिवळा होतो, तीन बीप येतात आणि लाल दिवा लुकलुकत राहतो. इथे मोह जास्त आहे. सुरुवातीचं ६० जीबीचं मॉडेल पीएस२ च्या डिस्कही चालवतं, म्हणून विकणारा वर भाव सांगतो. पण ९० नॅनोमीटरची तापट चिप त्यातच आहे. पीएस२ चे गेम खेळायचेच असतील तर वेगळा पीएस२ घ्या. पीएस३ घ्यायचा तर लेबलवर सीईसीएच-२१०० (CECH-2100) किंवा त्यापुढचा मॉडेल नंबर असलेला स्लिम बघा. त्यातली ग्राफिक्स चिप ४० नॅनोमीटरची, म्हणजे कमी तापणारी. शिवाय हार्ड डिस्क लॅपटॉपची साधी अडीच इंची असते. ती गेली तर घरच्या घरी बदलता येते. म्हणून स्लिम विरुद्ध स्लिम असेल तर माझं मत पीएस३ ला.

"रिपेअर केलेला आहे" असं कळलं तर नेमकं काय केलं ते विचारा. थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलली, धूळ काढली, पंखा नवा टाकला, हे सगळं उत्तम. हीट गनने बोर्ड तापवून जिवंत केलेला कन्सोल मात्र फुकट मिळाला तरी घेऊ नका. तो काही आठवडे चालतो, मग पुन्हा तेच दिवे. तापवण्यापायी बोर्डावरचे कपॅसिटर बिघडायचा धोका वेगळाच.

बघायला गेलात की ग्राफिक्स जड असलेला गेम तासभर चालवा आणि मागे हात धरा. हवा गरम आणि जोरात येत असेल तर ठीक. पंखा ओरडतोय पण हवा जेमतेम येतेय, तर आत धुळीचा थर बसलाय. मग मशीन बंद करा, चहा होईपर्यंत गार होऊ द्या आणि पुन्हा चालू करा. तडकलेला सांधा बरेचदा या दुसऱ्या वेळीच दगा देतो. विकणारा तेवढं थांबायला तयार नसेल, तर पैसे खिशात ठेवून परत या.